स्टार्टअप झपाट्यानं वाढतोय पण आतून पोखरत चाललाय, सोलापूरकरांनो सांगा काय करावं (मोठा धागा)

होटगीरोड_सपोर्ट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहायला बसले कारण आता हे मनात ठेवून चालणार नाही. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

मी सोलापुरातल्याच एका स्टार्टअपमध्ये कस्टमर सपोर्टची लीड आहे. नाव लिहिणार नाही, कुणी ओळखलं तरी खाली लिहू नका प्लीज. किराणा होलसेलवाले आणि एजन्सीवाले यांच्यासाठी बिलिंग आणि ऑर्डरचं ॲप आहे आमचं. मी आले तेव्हा वीसच्या आत माणसं होती, सात रस्त्याजवळ वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पाणी ज्या दिवशी यायचं त्या दिवशी जो आधी येईल त्यानं टाकी बघायची असा कारभार. पुण्याची नोकरी सोडून इथं आले कारण घरी राहून चांगलं काम करता येतंय आणि आपल्या गावात काहीतरी उभं राहतंय याचा मनापासून आनंद होता. अजून आहे, म्हणून तर लिहितेय.

मग फंडिंग आलं आणि वर्षाभरात आम्ही सव्वाशेच्या घरात गेलो. गिऱ्हाईक सोलापूर, बार्शी, पंढरपूर तर आहेच, पण विजयपूर, कलबुर्गी आणि पार तेलंगणापर्यंत गेलं. ते का गेलं माहितीये का, आमच्या सपोर्टमधल्या मुलींमुळं. पूर्वभागातल्या मुली आहेत, घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, एका कॉलवर बार्शीच्या काकांशी बोलतात, दुसऱ्यावर जहीराबादच्या एजन्सीवाल्याशी, आणि समोरच्याला वाटतं आपल्याच गल्लीतली पोरगी बोलतेय. पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांना हे पैसे टाकून मिळत नाही. आणि याच टीमला आमच्याकडं सगळ्यात खालचं समजतात आता.

एक प्रसंग सविस्तर सांगते म्हणजे कळेल.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलचा निर्णय झाला, २२ सप्टेंबरपासून नवे दर. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५, तूप आणि फरसाण १२ वरून ५, वह्या १२ वरून शून्य. किराणा होलसेलवाल्याचं अर्धं दुकान बदललं म्हणा की. माझ्या टीममधल्या एका मुलीनं, बीकॉम झालेली, आधी एका सीएकडं टायपिंगला होती, त्याच आठवड्यात बसून आयटमची यादी केली आणि तळाला एक ओळ लिहिली. नुसता आयटम मास्टरमधला (ॲपमधली मालाची आणि दरांची मूळ यादी) दर बदलू नका, २२ च्या आधी १८ नं विकलेला माल परत आला तर त्याची क्रेडिट नोट (परतीच्या मालाची वजावट दाखवणारा कागद) जुन्याच दरानं निघाली पाहिजे, आपलं ॲप परतीला मास्टरमधला दर उचलतं. हे मी तिकीट (करायच्या कामाची नोंद) म्हणून टाकलं, इंजिनिअरिंगच्या ग्रुपवर टाकलं, फाउंडरना वेगळं पाठवलं. उत्तर आलं, "डेमो झाला की बघू." इन्व्हेस्टरपुढं नवीन डॅशबोर्ड दाखवायचा होता, सगळी इंजिनिअरिंग टीम त्यात.

२२ तारखेला घटस्थापना, सोमवार. सकाळी दुकानं उघडली तसे फोन चालू. "ताई, साबणाला अजून अठराच दाखवतंय, गिऱ्हाईक भांडायलंय समोर." "ओ मॅडम, मी बिल हातानं करू का आता?" एका मुलीनं हेडसेट काढून बाजूला ठेवला आणि नुसती बसली, तिला पाणी दिलं आणि तिचा कॉल मी घेतला. दुपारनंतर घाईघाईनं मास्टरमधले दर बदलले, आणि मग तेच झालं जे लिहून दिलं होतं. जुन्या मालाच्या परती ५ टक्क्यानं निघायला लागल्या, व्यापाऱ्यांचे हिशेब जुळेनात. ते निस्तरायला दिवाळी गेली. पूर्वीपासून जोडलेली काही चांगली गिऱ्हाइकं गेली, त्यातले एक काका मला फोन करून म्हणाले, "पोरी तुझ्यावर राग नाही, पण मी ॲप बंद करतो."

महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये ज्या इंजिनिअरनं रात्रभर बसून दर बदलले त्याचं सगळ्यांसमोर कौतुक झालं. त्यानं मेहनत केली, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण जिनं तीन आठवडे आधी हे लिहून दिलं तिचं नाव एकदाही निघालं नाही. ती मागच्या रांगेत उभी होती. त्या दिवसापासून तिनं काही सुचवणं बंद केलंय, आणि मला हे सगळ्यात जास्त लागलंय.

बाकी गोष्टी थोडक्यात. सगळ्यात चांगला कोडिंग करणारा मुलगा होता त्याला मॅनेजर केलं, आता ना तो कोड लिहितो ना माणसं सांभाळता येतात, बिचारा स्वतः वैतागलाय. निर्णय सगळे फाउंडरकडं, तेही रात्री अकरानंतर व्हॉट्सॲपवर, सकाळी टीमला कळतं की ठरलेलं काम बदललं. पाचशे रुपयांचा रिफंड द्यायचा तरी विचारावं लागतं. सुरुवातीच्या लोकांना ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावानं घ्यायचा हक्क) देऊ म्हणून तोंडी सांगितलंय, कागद नाही. आणि सेल्सचा एक सीनियर आहे, बाहेरून आणलेला, त्यानं एका ज्युनियर मुलीला रात्रीबेरात्री नको ते मेसेज केले, ती एचआरकडं गेली तर उत्तर मिळालं की "तो टार्गेट आणतो, पहिलीच वेळ आहे, समजून घे."

फाउंडर माणूस वाईट नाहीये हे आवर्जून लिहिते. कोविडमध्ये स्वतःचा पगार न घेता आमचे पगार केलेत त्यांनी. पण आता त्यांच्यापर्यंत खरं पोचतच नाही. मी काय करू? सोडून जायचं नाहीये मला.

जुळेसोलापूरकर

ताई बाकी सगळं नंतर, आधी आज रात्री पीएफचं पासबुक उघडून बघा. पगारातून कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. झपाट्यानं वाढणाऱ्या कंपनीत पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिल्यांदा हेच थांबतं, स्लिपवर कपात दिसते आणि खात्यात जमा नसतं. टीममधल्या सगळ्यांना बघायला सांगा, उमंग ॲपवर पाच मिनिटांत दिसतं.

होटगीरोड_सपोर्ट

बघितलं दादा, आमचं सगळं जमा आहे, तेवढं तरी नीट आहे. धन्यवाद, दोन मुलींना तर यूएएन (पीएफचा नंबर) काय असतं तेच माहीत नव्हतं, आज कळलं.

पुण्यातला_बाळीवेसकर

मूळचा बाळीवेसचा, पुण्यात आयटीत बरीच वर्षं झाली, अशा दोन कंपन्या आतून बघितल्यात. तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं मला ते "वीसवरून सव्वाशे" वाटलं. वीस माणसं असतात तेव्हा एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या होतात १९०. सव्वाशे झाली की ७,७५०. माणसं सहापट, जोड्या चाळीसपट. दोन खोल्यांत बसून ज्या गोष्टी आपोआप कानावर पडायच्या त्या आता कुणीतरी ठरवून पोचवाव्या लागतात, आणि ते काम कुणाचं हे कुणी ठरवलेलंच नसतं. आयबीएमचे फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं घातली की त्याला आणखीनच उशीर होतो, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात आणि एकमेकांशी जुळवून घेण्यात जातो. पन्नास वर्षं झाली, तरी फंडिंग आलं की पहिली गोष्ट काय, तर भरती.

आणि तो कोडिंगवाला मुलगा. त्याला मॅनेजर केलं कारण पगार वाढवायला दुसरी वाटच नव्हती, बरोबर? आमच्याकडं हेच झालं होतं. मग मॅनेजर न होताही वर जाता येईल अशी वेगळी शिडी केली, सीनियर, मग प्रिन्सिपल, पगार मॅनेजरएवढाच. तीन जण आनंदानं परत कोडिंगला गेले आणि टीम सुधारली. तुमच्या फाउंडरना हे सुचवा, यात कुणाचा अपमान नाही आणि खर्चही नाही.

चाटीगल्ली

मी स्वतः छोटी कंपनी चालवतो सोलापुरात म्हणून दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका.

फंडिंग आलं म्हणजे पैसा आला असं बाहेरून वाटतं. तो पैसा वर्ष दीड वर्षाचा असतो, आणि पहिल्या सहा महिन्यांतच फंडिंगच्या पुढच्या राउंडची तयारी सुरू करावी लागते कारण ते जमायलाच सहा महिने जातात. तो डेमो फसला असता तर कदाचित सव्वाशे जणांचे पगार अडकले असते. त्यात पुण्या-मुंबईचा इन्व्हेस्टर सोलापूर म्हटल्यावर आधी विचारतो, तिकडं टॅलेंट मिळतं का, विमान आहे का. त्याला पटवण्यातच निम्मा जीव जातो. रात्री अकराला मेसेज करतो कारण दिवसभर त्याला विचार करायला वेळ नसतो. त्याला झोप लागत नसणार हे मी अनुभवानं सांगतो. सपोर्टला त्रास झाला हे खरंय पण फाउंडरनं कुठं कुठं बघायचं?

होटगीरोड_सपोर्ट

@चाटीगल्ली राग नाही दादा, उलट बरं झालं लिहिलंत, आमच्याकडं ही बाजू कुणी उघडपणे सांगतच नाही, सांगितली असती तर मुलींनी जास्तच जोर लावला असता.

पण एक सांगते. डेमोची तारीख दोन दिवस पुढं ढकलता आली असती, २२ सप्टेंबर नसती ढकलता आली, ती दिल्लीत ठरली होती. आणि त्या कामाला दोन माणसं आणि चार दिवस लागले असते, सगळी टीम नव्हे. तुम्ही म्हणता फाउंडरनं कुठं कुठं बघायचं, माझंही तेच म्हणणं आहे, त्यांनी बघूच नये. जिथं रोज फोन येतात तिथल्या माणसाला "हे आधी झालंच पाहिजे" म्हणायचा हक्क द्यावा आणि स्वतः निवांत इन्व्हेस्टरकडं जावं. आज आमच्याकडं गिऱ्हाइकाचं दुखणं ज्यांना कळतं त्यांच्या हातात काही नाही, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांनी कित्येक महिन्यांत एक कॉल ऐकलेला नाही. पार्टी, टी-शर्ट, भिंतीवरचे सुविचार यांनी हे भरून निघत नाही.

अक्कलकोटरोड_टॉवेल

पोरी, तुझं वाचून जुनं आठवलं म्हणून लिहितो. माझं वय झालंय, टायपिंग सावकाश आहे.

आमचे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर होते. नव्या पोरांना माहीत नसेल, सोलापुरात जुनी मिल सुरू झाली १८७७ साली, मग बाकीच्या आल्या, आणि प्रत्येक खात्यात कामगार आणि साहेब यांच्यामध्ये जॉबर असायचा. त्या पद्धतीत खोट होती, भरती जॉबरच्या हातात म्हणून चिरीमिरी चालायची, काही जॉबर कामगारांना लई छळायचे, ते मी झाकणार नाही. पण एक होतं, माग बंद पडला तर तो चालू करायचा का बाजूला काढायचा, सूत तुटायलंय तर गठ्ठा बदलायचा का, हे जॉबर तिथल्या तिथं ठरवायचा. साहेबाच्या बंगल्यावर माणूस पाठवत नव्हता. कारण मालकाला माहीत होतं की विचारत बसलं की तेवढा वेळ माग उभा राहतो.

आता आमचं स्वतःचं टॉवेलचं युनिट आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मी पण पहिली काही वर्षं सगळं स्वतःच बघायचो, रंगाची शेड पण मीच पास करायची. एकदा मी लग्नाला परगावी, फोन लागंना, आणि शेड पास करायला कोणी नाही म्हणून माल दोन दिवस पडून, आणि तो एक्स्पोर्टचा माल. आल्यावर आमच्या डाईंग मास्तरला सांगितलं की शेड तू पास करायची, चुकलं तर मी मागं उभा आहे, पण मला विचारायचं नाही. सुरुवातीला त्याचाच विश्वास बसंना. रोज संध्याकाळी यायचा, मालक बघून घ्या. मी बघायचंच नाही म्हणायचो. त्याला सवय लागायला महिना गेला, मला लागायला त्याच्यापेक्षा जास्त गेला. तुझ्या मालकाला त्रास हाच होणार आहे, हातातलं सुटत नाही माणसाच्या. त्याला एकदम सगळं सोड म्हणू नको, एकच गोष्ट माग. रिफंड माग आधी, त्यात पैसा थोडा आणि भांडण जास्त असतं.

होटगीरोड_सपोर्ट

काका, तुमचं दोनदा वाचलं. रिफंडपासून सुरुवात हे डोक्यातच आलं नव्हतं, मी सगळं एकदम मागायला निघाले होते. मनापासून आभार.

कुमठानाका_कॉलर

मी पण सपोर्टलाच आहे, दुसऱ्या कंपनीत, ताई तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच. आमच्याकडं कॉल किती मिनिटांत संपवला हे मोजतात, गिऱ्हाइकाचं काम झालं का ते मोजत नाहीत, मग काय पोरी कॉल लवकर कापतात आणि तेच गिऱ्हाईक परत फोन करतं, परत शिव्या. पुण्याहून नवीन मॅनेजर आलेत ते मीटिंग सगळी इंग्लिशमध्ये घेतात, आमच्यातल्या ज्या मुलीला गिऱ्हाइकाचं सगळ्यात जास्त कळतं ती मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, कारण एकदा बोलताना अडखळली तर समोरचा हसला. तिनं तेलुगूत दिवसाला साठ साठ माणसांना समजावलेलं असतं ओ. तिला का गप्प बसावं लागतंय.

होटगीरोड_सपोर्ट

@कुमठानाका_कॉलर आमच्याकडं पण हेच सुरू झालं होतं. मी माझ्यापुरतं एक केलं, सपोर्टची आठवड्याची मीटिंग मराठीतच घ्यायची ठरवलं आणि इंजिनिअरिंगमधल्या एकाला त्यात बसवलं. नोंदी तो इंग्लिशमध्ये काढतो, ते काम त्याचं. मुली आता तासभर थांबत नाहीत बोलायच्या. तू पण लीडला सांगून बघ.

एचआर_विजापूररोड

एचआरमध्ये बारा-तेरा वर्षं आहे, तीन गोष्टी लिहिते, कृपया टीममध्ये पोचवा.

पहिली त्या मुलीची. "तो टार्गेट आणतो" हे उत्तर ऐकून अंगावर काटा आला, कारण हेच उत्तर जगभर गाजलंय. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुसान फाउलर या इंजिनिअरनं उबरमधला स्वतःचा अनुभव जाहीर लिहिला. मॅनेजरची तक्रार केली तेव्हा एचआरनं सांगितलं की तो चांगला परफॉर्मर आहे आणि त्याची पहिलीच वेळ आहे. नंतर कळलं की इतर बायकांनीही त्याच माणसाची तक्रार आधी केली होती. चौकशा लागल्या, माणसं काढावी लागली आणि जूनमध्ये सीईओ ट्रॅव्हिस कॅलनिक यांना राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडं कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती पाहिजेच. अध्यक्ष सीनियर महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य कंपनीबाहेरची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची, चौकशी ९० दिवसांत पुरी करायची. दहापेक्षा कमी माणसं म्हणून समिती नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीपुढं तक्रार करता येते. मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवायला सांगा, डिलीट करू नका म्हणावं, आणि तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा.

दुसरी, ईसॉप. तोंडी ईसॉपला काही किंमत नाही. योजना भागधारकांच्या ठरावानं मंजूर झालेली पाहिजे आणि तुमच्या नावाचं ग्रँट लेटर पाहिजे. त्यात किती ऑप्शन, कोणत्या भावानं, दरवर्षी किती हक्काचे होणार, आणि नोकरी सोडली तर घ्यायला किती मुदत, हे लिहिलेलं असतं. ग्रँटपासून हक्काचे होईपर्यंत किमान एक वर्ष जावंच लागतं, म्हणजे लेटर जेवढं उशिरा तेवढं तुमचं नुकसान. ज्यांनी दोन खोल्यांत काम केलं त्यांनी मागायला लाजू नये.

तिसरी, कागदपत्रं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, नियुक्तीपत्र प्रत्येकाला द्यायचंय आणि सोडून जाणाऱ्याचा पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत करायचाय. अजूनही लोक "फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी" म्हणतात. आणि सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत याच क्षेत्रात काम करायचं नाही असं कलम असेल तर घाबरू नका, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नं अशी बंदी निरर्थक ठरते. कंपनीची गोपनीय माहिती मात्र बाहेर न्यायची नाही, तो भाग वेगळा.

मंगळवारपेठ_९

एवढं सगळं करण्यापेक्षा राजीनामा टाका ना ताई, सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडा, पुण्यात दुप्पट पगार आहे. सोलापुरातल्या कंपन्या अशाच चालणार, मालक तो मालक.

होटगीरोड_सपोर्ट

@मंगळवारपेठ_९ मी पुण्याहूनच आलेय ओ. पगार जास्त होता आणि घरी आई-बाबा एकटे होते. आणि प्रश्न माझ्या एकटीचा नाहीये. माझ्या टीममधल्या निम्म्या मुली घरातल्या पहिल्या, ज्या महिना पगार बँकेत घेतात. काहींच्या आया अजून बिड्या वळतात. त्यांना हुतात्मा पकडता येत नाही, घरून परवानगीच नाही. ही कंपनी नीट चालली तर त्यांच्या धाकट्या बहिणी पण येतील. म्हणून "असंच चालणार" हे मी मान्य करत नाही.

पुण्यातला_बाळीवेसकर

+१. आणि फाउंडरकडं जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, तोटा घेऊन जा. त्या जीएसटीच्या गोंधळात किती गिऱ्हाइकं गेली, त्यांचं वर्षाचं सबस्क्रिप्शन किती, दुरुस्तीत इंजिनिअरिंगचे किती दिवस गेले, एका कागदावर. खाली त्या मुलीच्या तिकिटाची तारीख. त्यापलीकडं एक शब्द लिहू नका, तारीखच बोलेल.

चाटीगल्ली

हे मी फाउंडर म्हणून सांगतो, हे चालेल. मला कुणी असा कागद आणून दिला तर मी त्या दिवशीच ऐकेन. आणि ताई, त्यांना ऑफिसमध्ये नको, बाहेर चहाला न्या, ऑफिसमध्ये दर दोन मिनिटाला कुणीतरी येतं. वर मी जरा घाईत लिहिलं होतं, तुमचं उत्तर वाचून आमच्या इथल्या सपोर्टच्या दोघांना आज विचारलं की काय अडलंय, अर्धा तास ऐकतच बसलो.

होटगीरोड_सपोर्ट

अपडेट द्यायचं राहिलं होतं, मध्ये गड्डा जत्रा होती आणि घरी पाहुणे.

कागद केला. मी आणि ती बीकॉमवाली मुलगी दोघी गेलो, तिला मुद्दाम नेलं. फाउंडरनी वाचला, तिकिटाची तारीख बघितली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तिलाच विचारलं, तुला हे कसं कळलं. ती आधी माझ्याकडं बघायला लागली, मी म्हटलं सांग की. मग तिनं परतीच्या मालाचं गणित टेबलावर पेननं काढून समजावलं, अगदी साबणाच्या खोक्याचं उदाहरण घेऊन, शंभराच्या मालावर अठरा घेतले होते आणि परतीला पाचच वजा झाले तर तेरा रुपये व्यापाऱ्याच्या अंगावर पडतात. त्यांनी मध्ये दोन प्रश्न विचारले, तिनं दोन्हीची उत्तरं दिली.

जे झालं ते. रिफंड दोन हजारापर्यंत सपोर्ट लीड ठरवणार, विचारायचं नाही. काका, हे तुमचं. टॅक्स किंवा बिलावर परिणाम होणारा कुठलाही बदल सपोर्टच्या एका माणसाच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही, आणि ती सही तिची आहे. पहिल्याच आठवड्यात तिनं एक रिलीज (ॲपमधला नवा बदल) थांबवला, शनिवारी संध्याकाळी सोडायचा होता, ती म्हणाली रविवारी आमच्याकडं दोनच जणी असतात, सोमवारी सोडा. इंजिनिअरिंगवाले कुरकुरले पण सोमवारी सोडला. प्रत्येक मॅनेजरनं आणि फाउंडरनी महिन्यातून अर्धा दिवस कॉलवर बसायचं हेही ठरलंय, फाउंडर एकदा बसले, बाकीचे अजून मीटिंगची कारणं देतात.

अंतर्गत समिती झाली, बाहेरच्या सदस्य एक वकील ताई आहेत. त्या मुलीनं लेखी तक्रार दिलीये, मी सोबत होते. चौकशी चालू आहे म्हणून त्याबद्दल इथं जास्त लिहित नाही.

जे झालं नाही ते पण लिहिते. ईसॉपला "पुढच्या राउंडनंतर" हेच उत्तर मिळालं. सुरुवातीच्या आम्ही सगळ्यांनी मिळून लेखी मेल केलाय, उत्तर आलेलं नाही. रात्री अकराचे मेसेज चालूच आहेत, फक्त आता टीमनं सकाळी दहानंतर उत्तर द्यायचं ठरवलंय आणि कुणी काही बोललेलं नाही.

अक्कलकोटरोड_टॉवेल

शाब्बास. सही तिच्या हातात दिली हे लई चांगलं केलं. आता तिच्याकडून एखादा रिलीज नको तेव्हा थांबवला जाईल, तेव्हा सगळे तिच्यावर तुटून पडतील, त्या दिवशी तू तिच्यामागं उभी राहा. मालकानं तिथं माघार घेतली तर ती सही परत कागदावरच राहील.

होटगीरोड_सपोर्ट

हो काका, उभी राहीन.

दमाणीनगर_पालक

नमस्कार. मी आयटीतली नाही, धागा पूर्ण वाचला कारण माझ्या मुलीला इंजिनिअरिंगनंतर सोलापुरातल्याच एका नवीन कंपनीची ऑफर आली आहे, तुमचीच की दुसरी ते माहीत नाही. तिचे बाबा पुण्यालाच पाठवा म्हणतात. मुलीला इथं राहायचंय. काय विचारून घ्यावं तिनं?

होटगीरोड_सपोर्ट

काकू, तिला इथं राहायचं असेल तर जरूर राहू द्या, पण जॉइन व्हायच्या आधी एवढं विचारायला सांगा. नियुक्तीपत्र जॉइन व्हायच्या दिवशीच हातात मिळणार का. पीएफ पहिल्या महिन्यापासून आहे का. बाँड आहे का, असेल तर किती रक्कम आणि कशाच्या ट्रेनिंगसाठी. अंतर्गत समितीत कोण कोण आहे, नावं भिंतीवर लावलीत का. तिचा मॅनेजर कोण असेल, त्याच्याशी आधी अर्धा तास बोलायला मिळेल का, आणि त्याच्या टीममधून मागच्या वर्षी किती जण सोडून गेले. शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला तर तेही उत्तरच समजा. आणि शक्य झालं तर ऑफिस दुपारी चारच्या सुमारास बघून या, सपोर्टच्या लोकांना कुठं बसवलंय ते बघा. काही अडलं तर मला मेसेज करा, मी तिच्याशी फोनवर बोलेन.